साहेबझाडाची फांदी

रुईचं झुडूप काही विकत घ्यावं लागत नाही. उकिरड्यावर उगवतं, शेताच्या धुऱ्यावर उगवतं, विळ्याच्या एका फटक्यात आडवं होतं. बेबीबाईच्या बापानं तेवढं एक झुडूप शोधलं असतं, तर टिकारामच्या जन्माची अशी माती झाली नसती. पण दादाजीला थाट पाहिजे होता ना!

दादाजी म्हणजे बेबीबाईचा बाप, अड्याळजवळच्या फॉरेस्ट बंगल्याचा चौकीदार. त्याच्या पोरीला मंगळ निघाला. मंगळाच्या पोरीचं लग्न आधी रुईशी लावायचं आणि लगेच ती रुई तोडायची. नवऱ्यावरची पीडा रुई घेऊन जाते आणि पोरगी खऱ्या नवऱ्यासाठी मोकळी होते, अशी रीत. नवरदेवाकडच्यांनी तेवढंच मागितलं होतं. पण दादाजी म्हणाला, "माही पोरगी उकिरड्यावरच्या रुईले माळ घालन? हट्!" बंगल्याच्या आवारात कुण्या इंग्रज साहेबानं लावलेलं एक झाड होतं, चिडीच्या, म्हणजे पाइनच्या जातीचं. पानांऐवजी हिरव्या सुया, फळांऐवजी लाकडी बोंडं. आसपासच्या मुलखात तसलं दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. लोक त्याला साहेबझाड म्हणत. त्या झाडासमोर अंतरपाट धरला, अक्षता टाकल्या, आणि चौदा वर्षांच्या बेबीनं बुंध्याला माळ बांधली.

तोडायची वेळ आली तेव्हा मात्र दादाजीची बोबडी वळली. झाड सरकारी! कुऱ्हाड लावली की नोकरी गेली. इकडं भटजीला जेवायची घाई. त्यानं खालची एक फांदी विळ्यानं छाटली आणि म्हणाला, "फांदी काय अन् झाड काय, जीव एकच. झालं तुमचं काम." दादाजीनं मान डोलावली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही उगाच नाही.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बेबीचा नवरा तापानं गेला. चांगला धडधाकट माणूस, आठ दिवसांत संपला. सासूनं तेराव्यानंतर तिचं गाठोडं अंगणात आणून ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पयला जिता उभा हाय. दुसरा कसा टिकन?" बेबी बापाच्या घरी आली. ते घर म्हणजे बंगल्यामागची चौकीदाराची खोली, आणि खोलीचं दार उघडलं की समोर तेच झाड. पुढची वीस वर्षं तिनं दौऱ्यावरच्या साहेबांसाठी भाकरी थापल्या आणि त्या झाडाखालच्या सुया झाडल्या. दादाजी म्हातारा होऊन गेला, त्याचा पोरगा कवडू चौकीदार झाला, बेबीची बेबीबाई झाली. झाड तेवढं वाढत राहिलं.

टिकाराम अड्याळचा. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही वाचलं नाही. भंडाऱ्याच्या वेशीबाहेर झाडांवर संशोधन करायची दोन खोल्यांची एक प्रयोगशाळा होती, तिथं तो मदतनीस म्हणून लागला. रविवारी एस्टीनं गावाकडं यायचा, बंगल्यापाशी उतरायचा आणि बोअरिंगवर पाणी प्यायचा. आता अड्याळच्या माणसाला पाणी प्यायला बंगल्यावर कशाला उतरावं लागतं? कवडूला कळत होतं, कवडूच्या बायकोला कळत होतं, बंगल्याच्या कुत्र्यालाही कळत असावं. कुणाची हरकत नव्हती. विधवेचा पाट लावणं, म्हणजे तिचं दुसरं लग्न करणं, त्यांच्यात चालत होतं. एके दिवशी टिकारामनं सरळ विचारलं.

बेबीबाई लाजली नाही की मुरडली नाही. म्हणाली, "मले तुमच्यासंगं संसार पाह्यजे. खोटं कायले बोलू? पन हे झाड उभं हाय तवर नाही."

"मी नाही मानत हे," टिकाराम म्हणाला.

"थे बी मानत नव्हते," ती म्हणाली. 'थे' म्हणजे तिचा गेलेला नवरा. तेव्हापासून टिकाराम दर रविवारी यायचा, पाणी प्यायचा, झाडाकडं डोळे वटारून पाहायचा आणि जायचा.

एक्याऐंशी साली मात्र देव पावला. जुना बंगला पाडून तिथं नवी इमारत बांधायचं ठरलं आणि मधे येणारं झाड तोडायचा हुकूम आला. टिकाराम सोमवारी प्रयोगशाळेत आला तो गुणगुणतच. बाटल्या धुतोय आणि गुणगुणतोय. त्याचे साहेब, नागपूरचे डॉक्टर वझलवार, चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काय रे टिकाराम, लॉटरी लागली का?" आणि ह्या शहाण्यानं सांगून टाकलं की साहेब, आमच्याकडचं साहेबझाड तुटून राहिलं. जीभ आवरता आली असती तर! पण आनंदात असलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं.

वझलवार साहेब खुर्चीवरून उठलेच. त्यांचं सगळं आयुष्य चिडीच्या झाडापायी चाललं होतं. बांबू संपत चाललाय, पुढं कागद कशाचा करणार, तर चिडीचा, असं त्यांचं म्हणणं. पण डोंगरातून आणलेल्या बियांची रोपं भंडाऱ्याच्या वैशाखात पापडासारखी वाळायची. आणि इथं एक झाड इतके उन्हाळे खाऊन उभं! साहेब त्याच दिवशी जीपनं बंगल्यावर गेले. बोंडं फोडून पाहिली तर बिया पोकळ. जवळपास जोडीला दुसरं झाड नाही, बी भरणार कुठून? मग एकच रस्ता उरला. फांद्यांचे कोवळे शेंडे आणायचे, त्यांचे बारीक तुकडे करायचे, ते बाटलीत औषधी खळीवर वाढवायचे, आणि एका तुकड्यातून रोप उभं करायचं. साहेबांनी वरच्या साहेबांकडं खेटे घातले आणि झाडाची तोड थांबवली. बाटल्यांत जीव धरेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, असं लेखी आणलं.

टिकाराम त्या दिवशी जेवला नाही. कपाळ बडवून घ्यावं अशी गत. पण माणूस काही ना काही वाट काढतोच. रात्रभर तळमळल्यावर त्याला वाट दिसली. बाटल्या लवकर हिरव्या झाल्या, तर झाड लवकर पडेल. साधा हिशोब. झाडाच्या मरणाची किल्ली साहेबांच्या हातात नाही, आपल्याच हातात आहे! त्याला एवढा हुरूप आला की पहाटेच जाऊन त्यानं प्रयोगशाळेची फरशी पुसून काढली.

आणि मग त्या माणसानं काय कष्ट केले, बापा! शेंडे काढायला स्वतः झाडावर चढला. ते नळाखाली धुतले, पाऱ्याच्या औषधात बुडवले, उकळून निववलेल्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतले. समुद्रातल्या शेवाळाची खळ, साखर, नारळपाणी, साहेब सांगतील ते क्षार, सगळं शिजवून बाटल्यांत ओतलं, कापसाचे बोळे लावले, मोठ्या प्रेशर कुकरात बाटल्या वाफवल्या. काचेच्या पेटीत स्पिरिटचा दिवा लावून चिमट्यानं एकेक तुकडा आत ठेवला. चार दिवसांनी बाटल्यांत पांढरी बुरशी. सगळं फेकलं. पुन्हा केलं. ह्या खेपेला बुरशी नाही, तर तुकडे काळे पडले. पुन्हा फेकलं. साहेब म्हणाले, हाताची घाण जाते रे कुठंतरी. टिकाराम जन्माचा खर्रा खाणारा. सुपारी-तंबाखू घोटून घोटून तळहात पिवळा झालेला. त्यानं खर्रा सोडला. बायको मेली तेव्हाही सुटला नव्हता तो. पेटीपाशी बसायच्या आधी आंघोळ करायचा, धुतलेलं धोतर नेसायचा. लोक म्हणायचे, टिकाराम बुवा झाला.

"एवढी मेहनत माझ्या पोरानं केली नसती," वझलवार साहेब म्हणायचे. भला माणूस होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, ह्याच्या मनात काय चाललंय?

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एका बाटलीत तुकड्याच्या कडेला हिरवी पुळी दिसली. मग दुसऱ्या बाटलीत. पुळीतून सुया निघाल्या, सुयांचे कोंब झाले, कोंब तोडून नव्या बाटल्यांत लावले की त्यांना पुन्हा कोंब. मांडणी हिरवी झाली. काहींना मुळंही फुटली. साहेबांनी पेढे वाटले. कुठं काही बिघडलं तर सगळंच हातचं जायला नको म्हणून थोड्या बाटल्या दूरदूरच्या प्रयोगशाळांना पाठवल्या, काही पुण्याकडं, काही डोंगरांकडं. खोकी टिकारामनंच बांधली. आणि झाडाची मनाई उठली.

झाड पडलं त्या दिवशी टिकाराम रजा काढून बंगल्यावर हजर. करवत चालली, दोर ओढले, आणि ते धिप्पाड धूड आवारात आडवं झालं. बेबीबाई दारात उभी होती. झाड पडल्यावर ती आत गेली आणि माणूस गेल्यावर करतात तशी डोक्यावरून आंघोळ करून आली. ओल्या केसांनी ओट्यावर बसली आणि हसली. वीस वर्षांत तिला असं हसताना कवडूनंही पाहिलं नव्हतं.

"सुटली मी," ती म्हणाली. "टिकारामजी, आता सांगा कवाचा पाट ते."

होळीनंतरचा दिवस ठरला. टिकारामचे पाय जमिनीवर नव्हते. लुगडं घ्यायला कवडू आणि बेबीबाई भंडाऱ्याला आले, तेव्हा ह्यानं हौसेनं त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. हौसेला मोल नसतं, पण कधीकधी ते असं मोजावं लागतं! तिनं आपलं काम पाहावं एवढंच त्याच्या मनात होतं. बाटल्यांत कशाचं रोप आहे, हे तिला सांगायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याच्या लेखी झाड मेलं होतं आणि बाटल्या हे नोकरीचं काम होतं.

खोली थंडगार. ट्यूबलाइटच्या उजेडात मांडणीवर ओळीनं बाटल्या. बेबीबाई पदर सावरत वाकून पाहायला लागली. वझलवार साहेब आनंदानं पुढं आले. "पाहा बाई, ओळखलं का? तुमच्या बंगल्यातलं झाड! सगळं टिकारामच्या हातचं आहे हे."

"त्याचे लेकरं होय का हे?" तिनं हळूच विचारलं.

"छे, छे! लेकरू बियापासून होतं. त्यात बाप थोडा, आई थोडी. हे लेकरू नव्हे, हा तोच आहे. फांदीचा तुकडा काय आणि झाड काय, जीव एकच." साहेबांनी एक बाटली तिच्या हातात दिली. "तोडलं म्हणून मेलं थोडंच? आता हे झाड मरतच नाही बघा. इथं आहे, पुण्याला आहे, पार डोंगरात आहे."

बेबीबाईनं बाटली खाली ठेवली. फार जपून ठेवली, फुटू नये म्हणून. पदरानं हात पुसले आणि बाहेर गेली. तेव्हा कुठं टिकारामला कळलं, आपण दोन वर्षं कुणाची चाकरी केली ते.

ती बाहेरच्या कडुनिंबाखाली उभी होती. "तुमी केलं हे? तुमच्या हातानं?"

"तुमच्यासाठीच केलं वो! झाड लवकर पडावं म्हणून."

"एक होतं. जाग्यावर उभं होतं. तुमी त्याले गावोगाव धाडलं."

"मी फोडून टाकतो. आताच्या आता फोडतो समद्या बाटल्या."

"अन् पुन्याच्या? अन् डोंगरातल्या?"

टिकाराम खोटं बोलू शकला असता. तिथल्या मरून गेल्या, साहेबांना माहीत नाही, असं काही. सगळं जग खोटं बोलतं, त्याला मेल्याला तेवढं एक जमलं नाही. कवडूनं दोघांकडं पाहिलं आणि लुगड्याची पिशवी पाठीमागं धरली.

होळी झाली. पाट काही लागला नाही. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास टिकारामच्या कानावर आलं, बेबीबाईनं सानगडीच्या भैयाजीला होकार दिला. कोण भैयाजी? धानाची शेती असलेला साठीचा म्हातारा, दोन बायका पोचवलेला, दम्यानं रात्रभर खोकणारा. येती दिवाळी पाहत नाही म्हणून ज्याचे पुतणे शेताच्या वाटण्या बोलायला लागले होते, तो!

टिकाराम भर दुपारी बंगल्यावर पोचला. झाडाच्या जागी पायाचे खड्डे खणले होते. बेबीबाई चुलीपुढं बसली होती.

"काहून केलं असं?" त्यानं विचारलं. "म्हाताऱ्यात काय पाह्यलं तुमी?"

तिनं तव्यावरची भाकर उलटवली. "कवडूच्या संसारात किती दिवस राहू? कोनाचं तं घर पाह्यजे. अन् टिकारामजी, तुमी मेले तं मी जगीन का? भैयाजी मेले तं चार दिवस रडीन नं पाचव्या दिवशी भाकर खाईन."

आणि ती रडायला लागली, तोंडावर पदर न घेता, उघडी रडली. भाकर तव्यावर करपली. टिकाराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत जाऊन तिचे डोळे पुसावे एवढाही आता त्याचा हक्क नव्हता. तो निघाला तेव्हा ती मागून म्हणाली, "खर्रा नका खाऊ आता पुन्हा. तब्येत सांभाळा."

पाट लागला. बेबीबाई सानगडीला गेली.

पुढचं ऐकाल तर हसावं की रडावं कळणार नाही. बाटल्यांतली रोपं कुंड्यांत लावली, सावलीत ठेवली, जगली. पण एक वर्ष झालं, दोन झाली, रोपं काही वर जाईनात. जमिनीसरशी आडवी पसरायची, कोपऱ्याकोपऱ्याकडं सरकायची. काड्यांना बांधली, बांधेल तिथवर सरळ, सोडली की पुन्हा आडवी. पुण्याहून तेच कळलं, डोंगरांकडूनही तेच. वझलवार साहेबांनी एक कुंडी पुढ्यात ओढली आणि म्हणाले, "चुकलं रे टिकाराम. फांदीचा शेंडा तो. मुळं फुटली, माती मिळाली, तरी तो आपला फांदीच राहिला. झाड व्हायचं त्याला ठाऊकच नाही. झाड गेलं ते गेलंच."

म्हणजे भटजीचं खोटं आणि साहेबांचंही खोटं! फांदी म्हणजे झाड नव्हेच. फांदी छाटली तेव्हा झाड मेलं नव्हतं, आणि झाड पडलं त्या दिवशी फांद्यांनी काही त्याला वाचवलं नव्हतं. बेबीबाई ओल्या केसांनी ओट्यावर बसून हसली होती, ती खरंच सुटली होती. टिकाराम तडक एस्टीत बसला. साकोलीला उतरला, सानगडीची गाडी लागलेली होती. तिच्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. जाऊन सांगायचं काय? आणि सांगितल्यावर तिनं करायचं काय? दुसऱ्याच्या बायकोला असलं सांगणं म्हणजे आगीत तेल. कंडक्टर ओरडला, "चढता का उतरता?" टिकाराम उतरला आणि परतीच्या गाडीनं भंडाऱ्याला आला.

योजना गुंडाळली. वझलवार साहेब नागपूरला गेले. कुंड्या मागच्या भिंतीशी पडल्या, त्यांना टिकाराम सवयीनं पाणी घालत राहिला. का घालायचा, ते त्याचं त्यालाच माहीत.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात, अड्याळच्या बाजारात, त्याच्या पाठीवर थाप पडली. "काय टिकाराम! वळखलं नाही का बे?" वळून पाहतो तर मेहुण्याकडं पाहुणा आलेला भैयाजी. दिवाळी न पाहणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं तेव्हापासून दिवाळीमागून दिवाळी पाहिली होती. गाल भरलेले, दातांखाली सुपारी कडाकड फुटतेय, खांद्यावर धानाचं अर्धं पोतं. "बायकोच्या हातचं खाऊन दमा गेला पाह्य माहा! थोडा खोकला हाय सकाळचा, बाकी काई नाही. पुतने बसले बोंबलत. पन तू काहून एवढा वाळला बा? केस पांढरे झाले तुये." आणि मोठ्यानं हसत तो दोरवाल्याशी घासाघीस करायला गेला.

मागं बेबीबाई उभी होती. अंगावर चांगलं लुगडं, हातात भाजीची पिशवी.

बोलायचं नाही असं टिकारामनं कितीदा ठरवलं होतं. तरी तोंडातून निघालंच. "बेबीबाई, बाटल्यांतलं ते झाड नव्हतंच. साहेबांनीच सांगतलं. नुसती फांदी होती. झाड तं त्याच दिवशी मेलं."

तिला नवल वाटलं नाही. ती पलीकडं पाहत होती, जिथं भैयाजी दोराची गुंडाळी हातात ओढून पाहत होता आणि दोरवाल्याला तावातावानं शिव्या देत होता.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "रोज सकाळी थे जिते उठते अन् खोकलते. तवा मले कळते, का झाड कोनाले मारत नव्हतं."

टिकारामला काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात भैयाजीनं हाक मारली, "अवो, चाल ना लवकर! गाडी निंगून जाईन." बेबीबाईनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या मागं एस्टीकडं निघाली.